गाण्याचं शास्त्र शिकताना: तयारीच्या नोंदी

यमन, भूप, भैरव गाता येतात, ताना घेता येतात, ठेक्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकत नाही. पण कागदावर 'झपतालाची तिगुन लिहा', म्हणजे ठेका तिप्पट लयीत लिहा, असं आलं की हात थांबतो. गाणं शिकणाऱ्यांत अशी माणसं खूप आहेत आणि मी त्यातलीच. यंदा शास्त्राचा लेखी पेपर द्यायचा आहे. तयारी करताना काय अडलं, कशात दिवस गेले आणि कशानं सुटलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे याच पेपरच्या मागे लागलेल्या दुसऱ्या कुणाचे काही आठवडे वाचतील. व्याख्या इथे सापडणार नाहीत, त्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहेत.

सामान म्हणाल तर घरची जुनी पेटी, मोबाइलवर तंबोऱ्याचं फुकटचं अ‍ॅप, चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. चौकटीची वहीच घ्या. का, ते तालाच्या नोंदीत येईल.

८ जून

पहिला आठवडा पूर्ण पाठांतरात गेला. नाद, श्रुती, स्वर, सप्तक, थाट, राग, वादी, संवादी, अनुवादी, विवादी, सगळं ओळीनं पाठ. काल क्लासात बाईंनी पेटीवर एक साधी सरगम वाजवली आणि तिचा थाट, म्हणजे ती ज्या सात स्वरांच्या साच्यातली आहे तो, विचारला. 'निषाद कोमल, बाकी सर्व स्वर शुद्ध' ही खमाजाची ओळ मला झोपेत विचारली तरी सांगता आली असती. वाजत होता तो कोमल निषाद मात्र कानाला लागला नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "पाठ झालंय, आता ऐकू यायला हवं."

म्हणून वहीची मांडणी बदलली. पानाच्या डावीकडे व्याख्या, उजवीकडे ती गळ्यानं, कानानं किंवा हातानं कशी पडताळायची ते. 'संवादी'समोर (वादी म्हणजे रागाचा मुख्य स्वर, संवादी त्याच्या खालोखालचा) लिहिलं: तंबोरा लावून यमनचा गंधार धरायचा, मग निषाद, दोन्ही एकमेकांना उत्तर देतात का ते ऐकायचं. 'आंदोलनसंख्या'समोर (स्वराची सेकंदाला होणारी कंपनं) लिहायला काहीच सुचलं नाही. ज्या व्याख्येची उजवी बाजू रिकामी राहते ती तूर्त पाठ करायची नाही, पुढे ढकलायची, असा नियम केला. अर्धं पान कोरं राहिलं, पण उरलेलं अर्धं पक्कं झालं.

१५ जून

स्वरलिपीनं चांगलाच घोळ घातला. आमचं पाठ्यपुस्तक भातखंडे पद्धतीचं, आणि सरावासाठी मिळालेली एक जुनी हस्तलिखित वही पलुस्कर पद्धतीची. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) एकाच काळातले, दोघांनीही गाणं कागदावर उतरवण्याची पद्धत घडवली. पण खुणा वेगळ्या. वेगळ्या असत्या तरी चाललं असतं. अडचण अशी की तीच खूण दोघांकडे वेगळ्या कामाला आहे.

स्वराच्या डोक्यावरचं टिंब भातखंडे पद्धतीत तार (वरचं) सप्तक दाखवतं, पलुस्कर पद्धतीत मंद्र (खालचं). डोक्यावरची उभी रेघ भातखंडे पद्धतीत मध्यमावर आली की तो तीव्र. पलुस्कर पद्धतीत ती रेघ म्हणजे तार सप्तक. भातखंडे पद्धतीत शून्य म्हणजे काल (टाळीऐवजी रिकामा हात दाखवायची मात्रा), पलुस्कर पद्धतीत स्वराखालचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. तिथे काल दाखवायला अधिकचं चिन्ह आणि समेला एकचा आकडा; भातखंडे पद्धतीत समेला फुली.

त्या वहीतली एक बंदिश मी तीन-चार दिवस चुकीच्या सप्तकात बसवत होते. अंतरा खाली उतरतो आणि स्थायी वर चढते, हे विचित्र वाटत होतं, पण 'असेल काही जुनी चाल' म्हणून पुढे गेले. तिथेच थांबून बघायला हवं होतं. अंतरा बहुतेक वेळा मध्य सप्तकातून तार षड्जाकडे झेपावतो. लिपी वाचून उलटं चित्र दिसलं तर आधी लिपीवर शंका घ्यायची.

आता प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'भा' किंवा 'प' लिहिते. जुन्या वहीतल्या लागणाऱ्या बंदिशी भातखंडे पद्धतीत उतरवून घेतल्या. कंटाळवाणं काम आहे, पण उतरवता उतरवता दोन्ही पद्धती हाताखालून गेल्या. दोन्ही पद्धतींतला फरक लिहा, या प्रश्नाची तयारी त्यातच झाली. पेपरात लिपी लिहिताना सुरुवातीलाच पद्धतीचं नाव घालायचं हेही ठरवलं.

२१ जून

ठेका तोंडात असणं आणि मात्रा माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लासातल्या तबला शिकणाऱ्या मुलानं विचारलं, "ताई, एकतालात सातव्या मात्रेला कुठला बोल?" मला पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथवर जावं लागलं. (बोल 'क', आणि तिथे काल आहे.)

त्यानं सांगितलेला उपाय: हातानं टाळी-काल द्यायचा, तोंडानं बोल न म्हणता मात्रांचे आकडे म्हणायचे, बोल मनात. मग उलट. आकडे मनात, बोल तोंडात. दोन्ही जमलं की ताल आला. तीनताल, झपताल सोपे गेले. एकतालात दोन-दोन मात्रांचे सहा विभाग. टाळ्या १, ५, ९, ११ वर आणि काल ३, ७ वर. हे पाठ करण्यापेक्षा हातानं दिलं की लवकर बसतं.

रूपक वेगळा ठेवला. सात मात्रा, ३-२-२ असे विभाग, आणि समेवरच काल. समेला टाळी द्यायची सवय इतकी मुरलेली की हात आपोआप वाजतो. चुकून टाळी पडली की पहिल्यापासून सुरू, असं करत राहिले.

२९ जून

दुगुन, तिगुन, म्हणजे ठेका दुप्पट, तिप्पट लयीत. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

तीनतालाची दुगुन सोपी, कारण आठ मात्रांत ठेका संपतो. नवव्या मात्रेपासून, म्हणजे कालापासून सुरू केली की समेवर येते. झपतालाची दुगुन पाच मात्रांत संपते, सहाव्यापासून घ्यायची, तिथेही काल. त्यामुळे मनात एक खोटा नियम तयार झाला: दुगुन कालापासून सुरू होते. रूपकाला तो लावला आणि सगळं कोसळलं, कारण रूपकात काल समेवरच.

खरा हिशेब सरळ आहे. तालाच्या मात्रांना लयीच्या पटीनं भागायचं. येतं तेवढ्या मात्रांत ठेका एकदा संपणार. तेवढ्या मात्रा शेवटून मोजून सोडायच्या, तिथून सुरुवात. रूपक: सात भागिले दोन, साडेतीन. शेवटच्या साडेतीन मात्रा, म्हणजे चौथ्या मात्रेच्या मध्यापासून. चौथ्या मात्रेचा पहिला अर्धा रिकामा. तो रिकामा अर्धा लिहायचा राहिला की पुढचं सगळं अर्ध्या मात्रेनं सरकतं. कागदावर असं दिसतं:

मात्रा ४: ऽती
मात्रा ५: तीना
मात्रा ६: धीना
मात्रा ७: धीना, आणि सम.

झपतालाची तिगुन. दहा भागिले तीन, तीन पूर्णांक एक तृतीयांश. सातव्या मात्रेचे तीन भाग करायचे, पहिले दोन रिकामे, तिसऱ्यावर 'धी':

मात्रा ७: ऽऽधी
मात्रा ८: नाधीधी
मात्रा ९: नातीना
मात्रा १०: धीधीना, आणि सम.

चौकटीची वही इथे कामाला आली. एक मात्रा म्हणजे दुगुनीला दोन चौकटी, तिगुनीला तीन. रिकाम्या चौकटीत अवग्रह (ऽ). शेवटची चौकट शेवटच्या बोलानंच भरली तर उत्तर बरोबर. मी साध्या रेघांच्या वहीवर करत होते तोवर बोल मागे-पुढे सरकत होते आणि चूक कुठे झाली ते दिसत नव्हतं. अजून एक पडताळा: शेवटाकडून लिहीत यायचं. दहाव्या मात्रेत शेवटचे तीन बोल, नवव्यात त्याआधीचे तीन. तसं लिहीत गेलं की सुरुवातीचा बिंदू आपोआप मिळतो, भागाकारही लागत नाही. तीनतालाची तिगुन अशीच केली: अकराव्या मात्रेत 'ऽऽधा' आलं.

लिहून झालं की हातानं ताल देत म्हणून बघायचंच. माझी लिहिलेली तिगुन बरोबर होती आणि म्हणताना मात्र तिसऱ्या भागावरचा 'धी' मध्यावर पडत होता, म्हणजे तिगुनीऐवजी दुगुनीचा. 'तकिट तकिट' म्हणत टाळी देऊन तो जागेवर आणला.

९ जुलै

दहा थाट. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. या क्रमानं पाठ केले तर कुठला स्वर कुठे कोमल हे मिसळतं. पूर्वी की मारवा, आसावरी की भैरवी, दर वेळी अडखळायला व्हायचं. थाट लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवणाऱ्या एका ऑनलाइन कोर्सला ९०० रुपये भरले. त्यात आद्याक्षरांची वाक्यं होती. वाक्यं पाठ झाली, स्वर नाही.

जमलं ते पेटीवर. एका वेळी एकच स्वर हलवायचा. कल्याणातला तीव्र मध्यम शुद्ध केला की बिलावल. निषाद कोमल केला की खमाज. त्यात गंधार कोमल, काफी. धैवत कोमल, आसावरी. ऋषभही कोमल, भैरवी. सहा थाट एका ओळीत, प्रत्येक पायरीला एक स्वर उतरतो. या क्रमानं वाजवत गेलं की उजेड हळूहळू कमी होत जावा तसा फरक कानाला कळतो, आणि एकदा तो कळला की कुठल्या पायरीवर आहोत ते सांगता येतं.

उरलेले चार: भैरवात ऋषभ-धैवत कोमल. त्यातला मध्यम तीव्र केला की पूर्वी. पूर्वीचा धैवत शुद्ध केला की मारवा. पूर्वीचा गंधार कोमल केला की तोडी. म्हणजे पूर्वी मधोमध, बाकी तिघं तिच्यापासून एकेका स्वराच्या अंतरावर. हे कागदावर काढून भिंतीला लावलं आहे. पूर्वी-मारव्याची गल्लत त्या दिवसापासून बंद झाली.

१८ जुलै

मूर्च्छना (पट्ट्या त्याच ठेवून षड्ज दुसऱ्या स्वरावर नेणं) ही व्याख्या 'उजवी बाजू रिकामी' म्हणून मागे ठेवली होती. आज ती भरली.

पेटीच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या घ्यायच्या. पांढरी एक हा षड्ज मानला तर बिलावल. पट्ट्या त्याच ठेवून षड्ज पांढरी चारवर नेला की कल्याण. पाचवर खमाज, दोनवर काफी, सहावर आसावरी, तीनवर भैरवी. पांढरी सातवर नेला की पंचमाची जागा उतरते, शुद्ध पंचम मिळत नाही, म्हणून तिथे थाट नाही. काळ्या पट्टीला हात न लावता सहा थाट निघतात, आणि गेल्या नोंदीतले सहा तेच आहेत.

पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा काहीच वेगळं ऐकू आलं नाही. दोनपासून वाजवलं तरी कान पांढरी एकलाच षड्ज मानत होता, सगळा बिलावलच वाटत होता. कारण अ‍ॅपवरचा तंबोरा जुन्याच षड्जावर वाजत होता. तंबोरा पांढरी दोनवर आणला, मिनिटभर नुसता ऐकला, मग वाजवलं. काफी लख्ख समोर. षड्ज बदलायचा म्हणजे आधी तंबोरा बदलायचा. नुसती बोटं सरकवून कान सरकत नाही.

२ ऑगस्ट

आज थाटावरचा विश्वास थोडा डळमळला आणि मग जास्त खरा झाला.

मालकंसात ऋषभ-पंचम नाहीत. गंधार, धैवत, निषाद कोमल. मग तो आसावरीचा की भैरवीचा? ऋषभच नसेल तर दोन्हीकडे बसतो. पुस्तकात भैरवी. भूपात मध्यम-निषाद नाहीत, मग तो कल्याणात का, बिलावलात का नाही? नुसत्या स्वरांवरून उत्तर निघत नाही. राग कसा चालतो, त्याचं कूळ कुठल्या रागांशी जुळतं, यावर ते ठरवलेलं आहे. भूप शुद्ध कल्याणाच्या शेजारी बसतो, म्हणून कल्याण.

उलटी अडचण मधुवंतीची. गंधार कोमल आणि मध्यम तीव्र, बाकी शुद्ध. दहापैकी एकाही थाटात हे स्वर नाहीत. अहिर भैरवात ऋषभ आणि निषाद कोमल, तोही जसाच्या तसा कुठे बसत नाही, भैरवाखाली ठेवतात. हिशेब केला: षड्ज-पंचम अचल, उरलेल्या पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपं, म्हणजे सात स्वरांचे ३२ मेळ (थाट) होतात. कर्नाटक पद्धतीत व्यंकटमखींची मांडणी तर ७२ मेळांची. भातखंडेंनी त्या काळी प्रचारात असलेले राग समोर ठेवून दहा निवडले. ही वर्गवारी प्रचारातल्या गाण्यावरून आलेली आहे, गणितातून नाही. हे समजल्यावर 'हा राग त्या थाटात का' असा प्रश्न पडला की मी स्वर मोजत बसत नाही, चलन बघते.

११ ऑगस्ट

घसा बसला. आठवडाभर फक्त लेखी काम, जुनी स्वरलिपी उतरवणं.

२४ ऑगस्ट

भूप आणि देसकार. तुलनेच्या प्रश्नात हमखास येणारी जोडी, आणि या सगळ्या तयारीत मला सर्वात आवडलेलं काम.

स्वर अगदी तेच: सा रे ग प ध. पुस्तकातला फरक दोन ओळींत संपतो. भूप कल्याण थाटाचा, वादी गंधार, संवादी धैवत, रात्रीचा पहिला प्रहर. देसकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, संवादी गंधार, सकाळचा. एवढं लिहून गुण मिळतात. पण मी देसकार म्हणून जे गात होते ते भूपच होतं, फक्त धैवतावर जास्त वेळ उभं राहिलेलं.

बाईंनी गाऊन दाखवलं. भूपात 'सा ध़ सा रे ग', मग 'प ग', 'ध प ग रे सा'. सगळं येऊन गंधारावर टेकतं, ऋषभ ठसठशीत, मंद्र धैवतापर्यंत जाणं आलंच. देसकारात 'ग प ध', धैवतावर उभं, 'सां ध प', पंचमावर विसावा. ऋषभ नुसता स्पर्शून जायचा, त्याच्यावर थांबायचं नाही. सगळा खेळ वरच्या अर्ध्यात. मी धैवत वाढवत होते खरी, पण प्रत्येक वेळी खाली येताना 'ग रे सा' असं ऋषभावर वजन देऊन उतरत होते. तिथे भूप परत यायचा. वादी म्हणजे फक्त जास्त वेळा लागणारा स्वर, असं मनात धरलं होतं. त्या स्वराकडे बाकीचे कसे वळतात, आणि कुठला स्वर मागे ठेवायचा, हेही त्यात आलं.

सरावाची रीत अशी बसवली: तंबोरा लावून देसकाराचे चार आलाप घ्यायचे आणि रेकॉर्ड करायचे, दुसऱ्या दिवशी ऐकून जिथे भूप शिरला तिथे बोट ठेवायचं. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक उतरणीत शिरायचा. मग उतरताना 'ध प, ग प ध प' करून पंचमावरच थांबायची सवय लावली आणि षड्जाला मोजकंच आले. आता बराचसा टळतो. पेपरातल्या उत्तराचं मात्र काम झालं आहे: दोन्हींचं चलन स्वरलिपीत लिहायचं, ऋषभाची जागा दाखवायची, मग थाट-वादी-समय. चलन आधी लिहिलं की बाकीचं त्यातून निघतं.

१० सप्टेंबर

'आंदोलनसंख्या' अखेर हाताला लागली. क्लासातला तंबोरा दोन दिवस घरी आणायची परवानगी मिळाली.

खर्जाच्या (सर्वात खालच्या षड्जाच्या) तारेखालचा, झणकार देणारा जवारीचा दोरा बाजूला सरकवला, टेप घेऊन घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तार मोजली. साधारण ९० सेंटिमीटर. पुस्तकात लिहिलेलं की तारेच्या मध्यावर वरचा षड्ज, दोन तृतीयांश लांबीवर पंचम. मध्यावर बोटानं दाबून छेडलं तर षड्ज चढा आला. तंबोऱ्याला पडदे नाहीत. तार खाली दाबायची म्हणजे ती बरीच ताणली जाते, आणि ताण वाढला की स्वर चढतो. लांबीचा नियम बरोबरच आहे, पण तो ताण तोच राहिला तर.

मग दाबणं सोडून नुसता स्पर्श केला. बोट तारेला हलकेच टेकवायचं, छेडायचं, लगेच उचलायचं. ४५ सेंटिमीटरवर षड्ज. ३० वर पंचम. साडेबावीसवर पुन्हा षड्ज. १८ वर, म्हणजे पाचव्या भागावर, गंधार. स्वच्छ, बारीक, जणू तारेतच होता. आणि होताच. तंबोरा नुसता छेडला तरी खर्जातून गंधार ऐकू येतो असं बाई नेहमी म्हणायच्या, मला तो कधी सापडत नव्हता. आधी १८ वर बोट लावून तो स्वर कानात भरून घेतला, मग बोट न लावता छेडलं, आणि तो खर्जाच्या आत ऐकू आला. दोरा परत जागेवर आणल्यावर तर आणखी स्पष्ट.

तो कानात असतानाच पेटीचा गंधार वाजवला. दोन्ही जुळेनात, मध्ये लाटा उठत होत्या. षड्ज २४० आंदोलनांचा धरला तर तारेतला गंधार ३००, आणि सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीचा साधारण ३०२.४. पंचमात फरक जेमतेम, ३६० आणि ३५९.६, तो कानाला कळतही नाही. गंधारात कळतो. भूपाचा सराव मी इतके दिवस पेटीबरोबर करत होते. आता पेटी थाट-लिपीपुरती, गंधार तंबोऱ्यावर.

ज्यांना तंबोरा मिळत नसेल त्यांनी सतार किंवा गिटारच्या जाड तारेवर हेच करावं. लांबी मोजायची, पाच भाग करायचे, स्पर्श हलका ठेवायचा.

२१ सप्टेंबर

श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांतरांचा, तक्ता. २२ श्रुती, स्वरांमध्ये वाटणी ४, ३, २, ४, ४, ३, २. इथवर सगळ्या पुस्तकांचं एकमत. मग एका पुस्तकात षड्ज चौथ्या श्रुतीवर आणि दुसऱ्यात पहिल्या. मी दोन्हींतून थोडं थोडं टिपून ठेवलं होतं. बेरीज दोन्हीकडे २२ येते, त्यामुळे चूक झाल्याचं कळतच नाही.

भरतमुनींपासूनच्या जुन्या ग्रंथकारांनी स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर मानला: ४, ७, ९, १३, १७, २०, २२. भातखंडेंनी पहिल्या श्रुतीवर: १, ५, ८, १०, १४, १८, २१. हा नुसता लिहिण्यातला फरक नाही, सप्तकच बदलतं. जुन्या मांडणीत ऋषभ ते गंधार दोनच श्रुती, गंधार ते मध्यम चार. म्हणजे गंधार आजच्या कोमल गंधाराजवळ. धैवत-निषादाचंही तसंच. पेटीवर ते वाजवलं तर काफी निघतो. भातखंडेंच्या मांडणीत गंधार-मध्यमात दोन श्रुती, बिलावल. जुनं शुद्ध सप्तक आजच्या काफीजवळचं होतं, असं वाक्य पुस्तकात होतं. ते आज पेटीवर वाजलं.

तक्ता आता दोन रंगांत काढते, दोन्ही ओळी एकाखाली एक. लिहून झाला की गंधार-मध्यमातलं अंतर बघायचं: चार असेल तर जुनी ओळ, दोन असेल तर नवी.

५ ऑक्टोबर

मारवा, पूरिया, सोहनी. तिघांत ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाही. पूरियाचा वादी गंधार, संवादी निषाद. सोहनीचा धैवत आणि गंधार. मारव्याचा ऋषभ आणि धैवत. इथे अडले. संवादाचं अंतर ९ किंवा १३ श्रुतींचं, म्हणजे षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम भाव. पूरियाचे ग-नि त्यात बसतात, सोहनीचे ध-ग बसतात. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांत ते अंतर नाही. माझंच काहीतरी चुकतंय म्हणून पुन्हा पुन्हा मोजलं. बाईंना विचारल्यावर म्हणाल्या, "बरोबर मोजलंस. नियमात बसत नाही. पण मारवा गाऊन बघ, त्या दोन स्वरांशिवाय उभा राहतो का?"

नाही राहत. षड्ज टाळत टाळत ऋषभ-धैवतावर फिरत राहणं हाच मारवा. षड्जावर निवांत बसलं की तो विरघळतो. गंधार-निषाद पुढे आणून मंद्रात रेंगाळलं की पूरिया, आणि तार षड्जाभोवती राहिलं की सोहनी. पेपरात मारव्याचा वादी-संवादी पुस्तकाप्रमाणे लिहायचा आणि एक ओळ जोडायची की इथे शास्त्रातलं संवादाचं अंतर पाळलं जात नाही, रागाचं रूप पाहून हे स्वर मानले आहेत.

२० ऑक्टोबर

घड्याळ लावून सराव पेपर सोडवला. तालाचे प्रश्न वेळेआधी झाले, चौकटींची सवय कागदावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा मारून भागली. थाटांना विचार करावा लागला नाही. श्रुतींच्या तक्त्याला अजून जास्त वेळ लागतो, तो रोज सकाळी एकदा काढते आहे. स्वरलिपीत कोमल ऋषभाखालची आडवी रेघ घाईत दोन ठिकाणी राहिली; लिहून झाल्यावर फक्त त्या रेघांसाठी एकदा पान वाचायचं.

भूप-देसकारावर लिहिता लिहिता बराच वेळ गेला आणि शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. म्हणून खऱ्या पेपरात क्रम असा: आधी ताल, मग थाट आणि श्रुती, मग व्याख्या, रागांची तुलना सगळ्यात शेवटी. तिथे लिहावंसं खूप वाटतं, आणि तेव्हा बाकीचं झालेलं असलं म्हणजे लिहिताही येईल.